खाडीवरचे कुरव आणि तुझा कावळा

आई, दिवाळीपासून मी डहाणूच्या बाजारातून सुके बोंबील आणते ते खायला नाही, पक्ष्यांना घालायला. हे ऐकून तू कपाळावर हात मारून घेशील, ठाऊक आहे मला. ‘माणसांना मिळत नाहीत आणि ही बया पाखरांच्या पंगती उठवते!’ असं म्हणाली असतीस, आणि ओट्यावरून शेजारच्या काकीला ओरडून सांगितलंही असतंस. तेवढं सांगून झाल्यावर स्वतःच डब्यातून चार बोंबील काढून ‘हे घे, ते बारके कशाला घालतेस’ म्हणाली असतीस, हेही मला ठाऊक आहे. काकी आता नाही. ओटा आहे. तुझा डबाही आहे, पण त्याचं झाकण आता बसत नाही, वर वरवंटा ठेवावा लागतो.

खाडीच्या तोंडाशी तू मला चिंबोऱ्या धरायला न्यायचीस ना, तिथे आता निसर्ग उद्यान झालंय. हसू नकोस, तिकीट काढून आत जायचं असतं. ज्या चिखलात तू साडी खोचून गुडघाभर उतरायचीस आणि मला ‘पाय रोवून चाल, बाहुलीसारखी काय चालतेस’ म्हणून झापायचीस, तो चिखल आता लाकडी पुलावरून लांबून बघायचा. तिवरांचं महत्त्व सांगणारे फलक लावलेत. तिवराची लाकडं जाळून तू आयुष्यभर भात रांधलास, तुला तर त्यांनी आतच सोडलं नसतं. पुलाच्या शेवटी, खाडी जिथे रुंद होते तिथे एक मोठं मचाण आहे, कठडा आहे, बसायला बाकडी आहेत. थंडीत भरती आली की तिथे कुरव येतात. तू त्यांना दर्याचे कावळे म्हणायचीस. पांढरेशुभ्र, राखी पाठीचे, आवाज मात्र भांडखोर बाईसारखा. उत्तरेकडून कुठून कुठून येतात, होळीच्या सुमाराला परत जातात, आणि मधले सगळे महिने माणसांच्या हातातलं हिसकून खातात.

लोक त्यांना गाठिया घालतात. ‘तळलेले पदार्थ घालू नका’ असा फलक आहे, त्याच फलकाला टेकून घालतात. वॉचमन गाठियाच्या पिशव्या काढून घेतो आणि चहाबरोबर स्वतः खातो, म्हणून दर महिन्याला त्याचा शर्ट घट्ट होत चाललाय. मी त्याला एकदा म्हटलं, ‘पाखरांच्या पोटाची काळजी घेता घेता तुमचं बघा जरा.’ तेव्हापासून तो माझ्याकडे तिकीट मागत नाही. मी बोंबील नेते, रात्री भिजवून बोटाएवढे तुकडे केलेले. मासे चालतात म्हणे. हात वर धरायचा, तुकडा बोटांच्या टोकात, तोंड वाऱ्याकडे, आणि मग हलायचं नाही. पक्षी वाऱ्यावर तरंगत तरंगत समोर येतो, डोळा वटारून बघतो आणि कधी नेला ते कळतही नाही. सुरुवातीला माझ्या हातावर एकही येईना. पक्षी जवळ आला की मी ‘अगं बाई!’ करून हात खाली घ्यायची. तलासरीकडची एक गुजराती म्हातारी येते तिथे, सून तिला धरून आणते, सगळे तिला बा म्हणतात. ती बाकड्यावरून मला ओरडायची, ‘हाथ ना हलावो, बेन! झाड थई जाव, झाड!’ झाड हो म्हणे. मग झाले झाड. आता येतात. चोच बोटाला लागते, गार असते, किंचित चिमटा बसतो. आई, तुला सांगायला लाज कसली, सबंध दिवसात मला होणारा कुणाचाही स्पर्श तेवढाच. एखाद्या दिवशी भरती अवेळी असली आणि जाता आलं नाही, की बोटं उगाच एकमेकांवर घासत बसते.

तिथे जायला लागले ते तापानंतर. श्रावणात मला सणकून ताप भरला. वाडीत पाणी साचलेलं, वीज नाही, फोन बंद पडलेला. मी आतल्या खोलीत पडून होते आणि कुणाला पत्ता नाही. शेवटी चिकूचा मक्ता घेतलेला माणूस दार वाजवून वाजवून मागच्या बाजूने आत आला, त्याने मला जीपमध्ये घालून कासाच्या दवाखान्यात नेलं. बरी झाले. पण धाकटा हादरला. तुझा लाडका आता आजोबा व्हायच्या वयाचा आहे, तलासरीला घर बांधलंय त्याने, दुकान चांगलं चालतं. तो दर वर्षी म्हणतो, ताई, इकडे ये. मी दर वर्षी म्हणते, आईला शब्द दिलाय. यंदा तो ऐकेना. त्याच्या मुलाचं माघात लग्न आहे. म्हणाला, ‘तू येणार असशील तर खालची खोली तुझी, पोरांना मी वर बांधून देतो. नाहीतर खालची त्यांना. एकदा संसार थाटला की मग मी त्यांना ऊठ म्हणणार नाही. संक्रांतीपर्यंत सांग.’ त्याचं बरोबरच आहे. बायको त्याची गुणाची आहे, तीही फोनवर म्हणाली, ‘ताई, तुमच्यासाठी संडासाला कमोड बसवलाय हो.’ यापेक्षा जास्त प्रेमाने कुणी काय बोलावणार? आणि तरी मी हो म्हणत नव्हते, तुझ्यामुळे.

तुझ्यामुळे म्हणजे त्या दहाव्यामुळे. तुला तिथून किती दिसलं मला माहीत नाही, म्हणून सांगते.

त्याच्या आधीचं मात्र तुला आठवत असेल. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तू उकडीची पहिली भाकरी मोडून कठड्यावर ठेवायचीस, मग आम्हाला वाढायचीस. एकदा मी शाळेला उशीर होतोय म्हणून ती कावळ्याची भाकरी उचलून खाल्ली. केवढं बोललीस! ‘तो बोलत नाही म्हणून त्याचं खायचं का? उद्या मी गेले की त्याच्याच तोंडाने जेवणार आहे, तेव्हा उपाशी ठेव मला!’ मी रडत रडत शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत तूच डब्यात गुळाची पोळी घेऊन आलीस, बाईंसमोर माझे केस नीट केलेस, एक शब्द न बोलता. मी तुझी माफी मागितली नाही आणि तू माझी नाही, आपल्याकडे ती पद्धतच नव्हती. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. तू गेल्यावर कावळ्याच्या तोंडाने जेवणार.

मार्गशीर्षात तू गेलीस. त्याआधीच्या महिन्यात तू माझं लग्न जमवत आणलं होतंस. वसईचा मास्तर. दात थोडे पुढे, पण हसायचा छान, आणि आपल्या पडवीत बसून चिकू खाताना बिया खिशात टाकत होता, कुठे थुंकाव्यात ते कळेना म्हणून. तो गेल्यावर तू आणि मी किती हसलो. तू म्हणालीस, ‘बिया खिशात घालणारा माणूस बायकोला त्रास देणार नाही.’ माझ्यासाठी साडीही आणून ठेवलीस, डाळिंबी, बारीक काठाची. आणि मग आठ दिवसांच्या आजारात निघून गेलीस.

दहाव्याला आम्ही सगळे खाडीवर. मामा, काका, काकी, धाकटा, मी, वाडीतली माणसं. गुरुजींनी वाळूच्या उंचवट्यावर पानात पिंड मांडलाय, वर सुरूच्या झाडांवर कावळे बसलेत, चांगले ढिगाने बसलेत, आणि एकही खाली येत नाही. आम्ही पिंडाभोवती गोल करून उभे. काका काव काव करतायत. धाकटा हात जोडून म्हणतो, ‘आई, वाडी विकणार नाही.’ कावळा नाही. ‘ताईला अंतर देणार नाही.’ नाही. मामा म्हणतो, ‘तुझ्या गाईला मी सांभाळीन गो बाय.’ नाही. ऊन चढतंय, गुरुजींना दुसरीकडे जायचंय, ते दर्भाचा कावळा करायच्या तयारीत. तेव्हा काकी मला कोपराने ढोसते, ‘तू बोल गो. तुझ्यातच जीव अडकलाय तिचा.’ काकीच्या मनात होतं, मी म्हणावं, आई, मी लग्न करीन, सुखात नांदेन. सगळ्यांच्याच मनात तेच होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘आई, मी हे घर सोडून कुठ्ठं जाणार नाही.’ निघालं ते निघालं, आणि पुढे मला असं रडू फुटलं की काकीने मला कवेत घेऊन बाजूला नेलं. माझ्या मागे सगळे आले. आणि मागून काका ओरडले, ‘शिवला! शिवला!’

मग काय विचारतेस. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. लेकीने घर सोडू नये अशीच आईची इच्छा होती. वसईच्या मास्तराकडे काका जाऊन आले. त्याने चहा पाजला म्हणे. डाळिंबी साडी मी पुढे धाकट्याच्या लग्नात नेसले. मला कुणी डांबून ठेवलं नाही, आई, हे मी स्वच्छ सांगते. गंजाडच्या आश्रमशाळेत पोरींना शिवण शिकवायला लागले, जीपने जायचं, जीपने यायचं, जीपमध्ये आधी पावसाच्या गप्पा, निवृत्त होता होता वाढवणच्या बंदराच्या. पोरी माझ्यावर जीव टाकायच्या. संध्याकाळी घरी आले की कुलूप काढताना मी ‘आले गं’ म्हणायची. रात्री काय रांधू ते तुला विचारायची, मोठ्याने. एकटीच राहता का हो, असं नवीन माणूस विचारायचं, मी म्हणायची, हो, एकटीच.

आणि आता या मार्गशीर्षातली गोष्ट. तुझ्या तिथीला मी पहाटे उठून सगळं केलं, भाकरी केली, मागच्या कठड्यावर ठेवली. कावळा नाही. वाडीत आताशा कावळे फारसे नाहीतच, कुठे गेले देव जाणे. ताटकळून ताटकळून मी भाकरी आणि बोंबील डब्यात घातले आणि उद्यानात गेले, तिथे कठड्यावर कावळे हमखास असतात, कुरवांचं सांडलेलं उचलायला. वाटीएवढ्या पानावर घास ठेवला, पान कठड्याच्या रुंद फळीवर ठेवलं आणि हात जोडून उभी राहिले. वॉचमनने विचारलं, काय हो हे? मी म्हटलं, आईची तिथी. झालं! तो टोपी काढून माझ्या शेजारी उभा. बाची सून आली, गाठियावाले दोघे-तिघे आले, एका कॉलेजच्या मुलीने मोबाईल खिशात ठेवला. सगळे पानाभोवती. वॉचमन काव काव करतोय, आवाज तर असा की कुरवही उडाले. दोन कावळे पुढच्या खांबावर बसून मान वाकडी करून बघतायत, पण येत नाहीत. गाठियावाला म्हणाला, ‘मावशी, काही इच्छा राहिली असेल हो त्यांची.’ मी म्हटलं, ‘आता? इतक्या वर्षांनी? नातवंडाच्या लग्नाचा आहेर ठरवतेय की काय?’ हसले सगळे. मी पण हसले. पण आतून मला धडकी भरली होती, कारण संक्रांत जवळ येत होती आणि मला वाटलं, तू विचारतेयस. जाणार का तू तलासरीला? म्हणून येत नाहीयेस. मी तोंडातल्या तोंडात म्हणायला सुरुवात केली होती, नाही गं, नाही जात.

तेवढ्यात मागे बाकड्यावर बाला चक्कर आली. सून किंचाळली, ‘बा!’ आणि आम्ही सगळे तिकडे धावलो. कुणी पाणी, कुणी पदराने वारा. मी तिचा हात धरला होता आणि कानावर पंखांचा आवाज आला, म्हणून मान वळवली. दोन्ही कावळे पानावर होते. एकाने बोंबील उचलला, दुसऱ्याने भाकरी, अगदी निवांत, जेवायला बोलावल्यासारखे. कठड्यापाशी कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं, आई. बा सावध झाली, मला म्हणाली, ‘शुं थयुं बेन, तू का रडते? मी हाये ना.’ मी खाडीवरची ती सकाळ बघत होते. आम्ही पिंडाला गराडा घालून उभे होतो. मी रडले, काकीने मला बाजूला घेतलं, सगळे माझ्यामागे आले, आणि वाळूवर पिंड एकटा राहिला. लोक म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. माझ्या बाबतीत फांदी म्हणजे मीच की. पण खात्री केल्याशिवाय मी काही मानणार नाही, तुझीच मुलगी आहे. मी रोज घास ठेवला आणि बघितलं. जवळ उभी राहून तुझं नाव घेतलं, नाही आला. शपथ घातली, नाही आला. एकदा मुद्दाम मोठ्याने म्हटलं, ‘आई, मी तलासरीला जाणार, या घरात परत पाऊल ठेवणार नाही,’ आणि पाठ फिरवून बाकड्यापर्यंत चालत गेले. आला. लगेच आला. काहीही बोला त्याला, त्याला फक्त माणूस लांब जायला हवं असतं. कुरव हातातून घेतो, कावळा घेत नाही. एवढंच ते.

रागावले मी तुझ्यावर. का रागावू नको? इतकी वर्षं मी तुझा हुकूम पाळला आणि तू तो दिलाच नव्हतास. तू तर साडी आणून ठेवली होतीस! तुझी इच्छा कपाटात घडी घालून ठेवलेली मी रोज बघत होते आणि ऐकलं कुणाचं, तर एका भुकेल्या पाखराचं. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. रात्री काय रांधू ते विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून रांधलंही नाही, शिळा भात आणि लोणचं खाल्लं.

मग धाकट्याला फोन केला. म्हटलं, ‘ऐक, दहाव्याला आपण मागे सरलो म्हणून आला रे तो कावळा. मी बोलले म्हणून नाही.’

तो मग म्हणाला, ‘ताई, ते मला तेव्हाच दिसलं होतं.’

‘मग बोलला का नाहीस, मेल्या?’

‘काय बोलणार? मी गुरुजींना म्हणणारच होतो, जरा लांब होऊ या. तेवढ्यात तू सगळ्यांदेखत शब्द दिलास. मला वाटलं, तुला मास्तराकडे जायचं नाहीये, तुला इथेच राहायचंय. काकांनाही तेच वाटलं. आईच्या मनात काय होतं ते आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही तुझंच ऐकलं, ताई.’

मग तोच म्हणाला, ‘राहायचं नव्हतं का तुला?’ आई, जायचं होतं की नव्हतं, मी कधी स्वतःला विचारलंच नाही, तू सांगितलंयस म्हटल्यावर विचारायचं काय? मी म्हटलं, ‘खालची खोली ठेव माझ्यासाठी. संक्रांतीआधी येते.’ तो म्हणाला, ‘गाडी घेऊन येतो.’ आणि मग त्याचा आवाज असा झाला की मीच फोन ठेवला.

तर आता बांधाबांध चालू आहे. वाडी मक्तेदार बघेल. उद्यानात सांगून आले, वॉचमन म्हणाला, ‘तलासरीहून बस आहे की, येत जा,’ आणि बाने माझ्या गालावरून हात फिरवला. हे पत्र कुठे घालायचं ते मला माहीत नाही. कावळ्याबरोबर तर मी काहीच पाठवणार नाही आता. तलासरीला माणसं आहेत, सकाळी कुणीतरी चहा झाला का विचारेल, बरं होईल माझं. मला ते कळतंय. पण एक सांगते आणि थांबते. काल कुलूप काढून आत आले आणि ‘आले गं’ म्हणायला तोंड उघडलं, तर शब्द फुटला नाही. इतकी वर्षं मी लोकांना एकटी राहते म्हणून सांगत आले, पण मनातून मी ते कधी खरं धरलं नव्हतं. काल पहिल्यांदा धरलं.